युनियनचा ढेकूण, क्रमांक सत्तावीस

मी एक जुना ढेकूण आहे. दचकू नका मित्रांनो, मी चावत नाही. शिशाच्या ठोकळ्यावर बसवलेला तांब्याचा एक लंबगोल तुकडा, चिंचोक्याहून लहान आणि तुरीच्या दाण्याहून मोठा, एवढाच माझा पसारा. माझ्या अंगावर छपाई कामगारांच्या युनियनचे नाव इतक्या बारीक अक्षरांत कोरले आहे की ते वाचायला भिंग लागते. त्याखाली आकडा आहे, सत्तावीस. निवडणुकीच्या पत्रकाच्या अगदी तळाशी, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे मी उमटतो. मी उमटलो याचा अर्थ एवढाच की हा कागद युनियनच्या माणसाने, युनियनने ठरवलेल्या मजुरीवर छापला आहे. माझ्या आकारावरून छापखानेवाल्यांनी मला ढेकूण म्हणायला सुरुवात केली. मला ते कधी आवडले नाही. पण नावे ठेवणारे आपल्याला विचारून थोडीच ठेवतात.

माझा जन्म क्लीव्हलंडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे पुष्कळ भाऊ एकाच दिवशी जन्मले आणि प्रत्येकाला वेगळा आकडा मिळाला. मग आगगाडीने मी ओहायो नदीच्या काठावरच्या कार्व्हर्स बेंड या गावी आलो, हुडाक बंधूंच्या छापखान्यात. थोरला एमिल, धाकटा अँडी. मला देताना युनियनच्या माणसाने एमिलकडून कागदावर सही घेतली. सत्तावीस क्रमांक हुडाकांच्या मालकीचा नाही, तो त्यांच्याकडे फक्त ठेवायला दिला आहे. युनियनबाहेरच्या माणसाने छापलेल्या कागदावर तो कधी उमटला, तर त्याच दिवशी परत घेतला जाईल. एमिलने ती अट दोनदा वाचली. अँडीने एकदाही वाचली नाही. दोघा भावांतला फरक सांगायला एवढे पुरे आहे.

एमिलने मला तंबाखूच्या एका चपट्या डबीत, कापसावर ठेवले. छापखान्यात इतर शेकडो खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, लाकडी खणांत एकमेकांच्या अंगावर पडलेले असत. मला मात्र स्वतंत्र घर होते. थोडा गर्व झालाच मला, कशाला खोटे बोलू? त्या खणांत मोठ्या 'आर'चा एक खिळा होता, त्याचा पाय तुटलेला. एमिल तो कधी वापरत नसे आणि अँडीला तो फेकवत नसे. "लंगडा असला म्हणून काय झालं, उभा राहतो ना?" असे अँडी म्हणायचा. या लंगड्या 'आर'ला लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे आहे.

आमच्या गावात पोलादाची गिरणी होती, काचकारखाना होता, बसवाले होते, नळकामवाले होते आणि प्रत्येकाची वेगळी युनियन होती. या सगळ्यांची मिळून एक परिषद होती. नगरपालिकेची निवडणूक आली की सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी परिषदेच्या सभागृहात सगळ्या युनियनांचे प्रतिनिधी जमत. उमेदवार एकेक करून समोर येत, प्रश्नांना उत्तरे देत आणि मग मतदान होई. दोन तृतीयांश मते मिळाली तर कामगारांचा पाठिंबा, एक जरी कमी पडले तरी नाही. सभागृहात सगळे एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणत, आणि मग कडाकडा भांडत.

पाठिंबा मिळालेल्यांची नावे एका हिरव्या कार्डावर छापली जात. ते कार्ड आम्ही छापायचो. गिरणीच्या फाटकावर ते वाटले जाई. लोक ते टोपीत खोचत, फ्रिजला चिकटवत, आणि मतदानाच्या दिवशी खिशातून काढून, बघून मत देत. गावातल्या चौथ्या आणि सहाव्या वॉर्डात तर असे म्हणत की हिरव्या कार्डावर घोडा उभा केला तरी निवडून येईल. त्या प्रत्येक कार्डाच्या तळाशी मी असे. कोणी माझ्याकडे बघत नसे, पण मी नसतो तर सगळ्यांनी पाहिले असते.

कारण परिषदेचा एक नियम होता. युनियनची खूण, म्हणजे मी किंवा माझा एखादा भाऊ, नसलेला कागद सभागृहात वाटायचा नाही. नियम एवढाच होता. पण त्याला चिकटलेला संकोच नियमापेक्षा मोठा होता. कामगारांची मते मागायला यायचे आणि स्वतःचे पत्रक मात्र स्वस्तात बाहेरच्या दुकानात छापून घ्यायचे, याला तिथले लोक जेवायच्या ताटाला पाय लावण्यासारखे समजत. एका वर्षी एका उमेदवाराच्या माणसाने शक्कल लढवली. त्याने बटाटा कापून त्यावर माझी नक्कल कोरली आणि शाईत बुडवून पत्रकांवर ठसे मारले. बिचाऱ्याला एवढे कळले नाही की कोरताना आकडा उलटा कोरावा लागतो. छापल्यावर सत्तावीस आरशातल्यासारखा उलटा उमटला. सभागृह पोट धरधरून हसले. एमिल हसला नाही. त्या दिवसापासून तो मला छापखान्यात ठेवीनासा झाला. दुकानाबाहेर जाताना डबी बंडीच्या आतल्या खिशात, डाव्या बाजूला. चर्चमध्ये, न्हाव्याकडे, लग्नात, मैतीला, मी सगळीकडे गेलो. एमिलच्या काळजाचे ठोके मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ऐकू आले असतील. परिषदेने त्याला खूण-समितीचा प्रमुख केले. आता कोणाच्याही पत्रकाचा तळ तपासायचा अधिकार त्याला मिळाला, आणि तो अधिकार त्याने जरा जास्तच वापरला.

आता एकोणीसशे छप्पन सालची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही.

त्या वर्षी सहाव्या वॉर्डातून लूशियस मेब्री नावाचा बस ड्रायव्हर उभा राहिला. तो काळा माणूस होता. काळ्या प्रतिनिधींच्या खुर्च्या तेव्हा सभागृहाच्या मागच्या दोन ओळींत असत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण बसत तिथेच. मेब्रीची मागणी साधी होती. पूर्वेकडच्या वस्तीतून गिरणीच्या फाटकापर्यंत बस जात नव्हती, ती जावी. तो चांगला बोलला. पुढच्या ओळींतल्या माणसांनीही माना डोलावल्या. मग एमिल उठला. त्याने मेब्रीचे पत्रक हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि विचारले, "खूण कुठाय?"

"छापखाना युनियनचाच आहे," मेब्री म्हणाला.

"कुठला?"

"नाव सांगणार नाही. शब्द दिलाय."

एमिलने खिशातून डबी काढली, मला दोन बोटांत धरले आणि पत्रकाच्या अगदी वर आणून सगळ्यांना दाखवले. "हे इथं पाहिजे होतं. खूण विसरणारा छापखानेवाला एक तर लबाड असतो, नाही तर झोपलेला. आणि त्या दोघांच्याही उमेदवाराला माझं मत नाही."

टाळ्या पडल्या. मी मात्र टाळ्या ऐकत नव्हतो. मी वीतभर अंतरावरून त्या पत्रकाकडे बघत होतो. मेब्रीच्या आडनावातल्या मोठ्या 'आर'चा पाय तुटलेला होता.

तो आमचा लंगडा होता, मित्रांनो. पत्रक आमच्याच छापखान्यात, आमच्याच यंत्रावर, अँडीने छापले होते. रविवारी सकाळी एमिल मला खिशात घालून चर्चला गेलेला असताना. अँडीने भावाकडे खूण मागितली नाही, कारण भाऊ नाही म्हणेल अशी त्याला भीती होती. एमिलची नजर पत्रकाच्या तळावर खिळलेली होती. अक्षरांकडे त्याने पाहिलेच नाही. मला दिसत होते, पण मला तोंड नाही. मी फक्त शाई लावली तरच बोलतो, आणि तेही एकच वाक्य.

मेब्रीला पाठिंबा मिळाला नाही. तो निवडणूक हरला. ती बस सुरू व्हायला आणखी अकरा वर्षे लागली. अँडी त्यानंतर बरीच वर्षे जगला, पण ही गोष्ट त्याने भावाला कधी सांगितली नाही. अडुसष्ट साली तो गेला. लंगडा 'आर' खणातच राहिला.

दिवस गेले. गावात नवी यंत्रे आली. मोठी कामे मोठ्या छापखान्यांकडे गेली. आमच्याकडे लग्नपत्रिका, चर्चच्या जेवणाची तिकिटे आणि हिरवे कार्ड एवढेच उरले. लूशियस मेब्री मागच्या ओळीतून हळूहळू पुढे येत परिषदेचा अध्यक्ष झाला. एमिल आणि तो एकमेकांशी नीट वागत, पण कॉफी कधी एका टेबलावर घेत नसत.

पंच्याहत्तर सालच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी दुपारी, व्हिल्मा कारास छापखान्यात आली. ती नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या धुलाईखान्यात बावीस वर्षे काम करत होती. हात कोपरापर्यंत लाल, आवाज वाफेच्या यंत्रांवर चढवून चढवून मोठा झालेला. धुलाईखाना बाहेरच्या कंपनीला देऊन टाकायचा घाट नगरपालिकेने घातला होता. तसे झाले असते तर अडतीस बायका एका दिवसात घरी बसल्या असत्या. चौथ्या वॉर्डाचा नगरसेवक रेमंड कोल्टर या बेताच्या बाजूने होता आणि त्याच्याविरुद्ध व्हिल्मा उभी होती. हिरव्या कार्डावर नाव आले नाही तर चौथ्या वॉर्डात तिला कोण विचारणार होते?

"एमिल, शुक्रवारच्या सभेला पत्रक पाहिजे," ती म्हणाली. "आणि त्यात सगळ्या अडतीस जणींची नावं पाहिजेत."

"अडतीस? अगं, हे पत्रक आहे की टेलिफोनची डिरेक्टरी?"

"सदतीस घातलीस तर अडतिसावी माझा जीव घेईल. तुला आयरीन झेलेंका माहीत नाही."

त्या दिवशी फार उकडत होते. एमिलने बंडी काढून भिंतीतल्या खिळ्याला टांगली. बंडीच्या खिशात डबी, डबीत मी. तो सहासष्ट वर्षांचा झाला होता, बोटांची पेरे सुजलेली होती, तरी त्याने एकेक नाव जुळवले. स्लोव्हाक नावे, पोलिश नावे, इटालियन नावे. प्रत्येक नाव व्हिल्माला तीनदा वाचून दाखवले. छत्तीस बसली. सदतिसावे कोपऱ्यात गेले. अडतिसाव्याला जागाच उरली नाही. एमिलने ओळींमधल्या पट्ट्या बदलल्या, समास कमी केला, पुटपुटला, आणि शेवटी आयरीन झेलेंकाला पानाच्या अगदी तळाशी बसवले.

तळाशी. म्हणजे माझ्या जागेवर.

"बसली!" एमिल लहान पोरासारखा ओरडला. व्हिल्माने टाळ्या वाजवल्या. जुळवलेल्या अक्षरांची चौकट, म्हणजे फर्मा, आवळला गेला. यंत्र सुरू झाले. खिळ्याला टांगलेला मी त्याचा आवाज ऐकत होतो, एक हजार, दीड हजार, दोन हजार. चाळीस वर्षे मला जिवापाड जपणारा माणूस मलाच विसरला होता. त्यात लबाडी नव्हती. आनंदाने माणूस कधी कधी आंधळा होतो, एवढेच. व्हिल्मा छापील कागद मोजून घड्या घालत होती. तळाशी काय असायला हवे हे तिच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. ते लक्षात ठेवायला एमिल होता ना.

शुक्रवारी संध्याकाळी सभागृह भरले. दाराशी कॉफीचे पिंप होते, हॅमची सँडविचे होती. साठाच्या वर प्रतिनिधी. अध्यक्षांच्या खुर्चीत मेब्री, हातात लाकडी हातोडी. एमिल तिसऱ्या ओळीत बसला होता आणि मी त्याच्या खिशात, नेहमीप्रमाणे. कोल्टर बोलून गेला. मग व्हिल्मा उभी राहिली. तिला भाषण येत नव्हते. तिने पत्रके वाटली आणि अडतीस नावे मोठ्याने वाचली. प्रत्येक नावापुढे किती वर्षे काम केले आणि घरी खाणारी तोंडे किती, एवढेच सांगितले. गिरणीतली दांडगी माणसे खाली बघू लागली.

तेवढ्यात मर्ट डनलीव्ही उठला. तो नळकामवाल्यांचा प्रतिनिधी. कोल्टर नवा वाहनतळ बांधणार होता आणि त्यात नळकामवाल्यांना दोन वर्षांचे काम होते, म्हणून मर्ट कोल्टरच्या बाजूचा. त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्याच्याही घरी तोंडे होतीच.

"भगिनी कारास," तो गोड आवाजात म्हणाला, "पत्रकाच्या तळाशी काय आहे, जरा वाचून दाखवा की."

"आयरीन झेलेंका."

"आणि त्याच्या खाली?"

"खाली... काही नाही."

"काही नाही!" मर्टने पत्रक हवेत धरले. "बंधूंनो, ही बाई आपल्याकडे पाठिंबा मागते आणि पत्रक छापते बाहेरच्या दुकानात. बाहेरची कंपनी नको म्हणते, पण बाहेरचा छापखाना चालतो!"

कुजबुज वाढली. माझ्या कानाशी एमिलच्या काळजाचे ठोके एकदम थांबल्यासारखे झाले आणि मग धाडधाड पडू लागले. त्याला मंगळवारची दुपार आठवली होती.

"छापखाना युनियनचाच आहे," व्हिल्मा म्हणाली. तिने एमिलकडे पाहिले, फक्त एकदा, आणि लगेच नजर वळवली.

"मग नाव सांगा!"

"नाही सांगणार. ज्याने छापलं त्याने सुजलेल्या बोटांनी अख्खी दुपार घालवलीय आमच्यासाठी. माझ्यामुळे त्याच्या दुकानाची खूण जायला नको. काय शिक्षा करायची ती मला करा."

मेब्रीची हातोडी हवेतच राहिली. नाव सांगणार नाही. याच सभागृहात, याच जागी उभे राहून त्याने तेच उत्तर दिले होते. त्याने तिसऱ्या ओळीकडे पाहिले नाही. पण तो हातोडी आपटेना. मर्ट घाई करत होता, मतदान घ्या, मतदान घ्या. त्याच क्षणी मतदान झाले असते तर व्हिल्माला वीस मतेही पडली नसती.

गप्प बसणे एमिलला फार सोपे होते. कोणाला कळले नसते. अडतीस बायका घरी बसल्या असत्या आणि खूण-समितीचा प्रमुख मान ताठ ठेवून घरी गेला असता. मला वाटले, तो गप्पच बसणार. मी त्याला इतक्या जवळून ओळखत होतो, तरी मला तसे वाटले, याची मला आजही लाज वाटते.

गुडघ्यांवर हात टेकवून एमिल उठला.

"मी छापलं," तो म्हणाला.

"काय?"

"मोठ्यानं बोलू का? मी छापलं. माझ्या यंत्रावर. अडतिसावं नाव बसवायच्या नादात खूण लावायची राहिली. ही बघा, माझ्याच खिशात आहे." त्याने डबी उघडली. दिव्याचा उजेड माझ्या डोळ्यांत शिरला.

मर्ट आधी गोंधळला, मग हसला. "एमिल, छप्पन साली मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. नवीनच होतो. पण तुझं वाक्य पाठ आहे मला. खूण विसरणारा एक तर लबाड असतो, नाही तर झोपलेला. मग तू कोण रे? लबाड का झोपलेला?"

कोणीतरी खिदळले. एमिलने डबी बंद केली.

"झोपलेला," तो म्हणाला. "छप्पन साली जास्त झोपलेला होतो, असं वाटतं आता. त्या माणसाला मी दुसरा प्रश्न विचारायला पाहिजे होता. विचारला नाही."

आता सगळे मेब्रीकडे बघू लागले. मेब्रीने हातोडी टेबलावर ठेवली.

"नियम असा आहे," तो शांतपणे म्हणाला, "की खूण नसलेला कागद सभागृहात वाटता येत नाही. कागद गोळा करा. बंधू हुडाक ते घेऊन जातील आणि त्यांच्या चुकीची दुरुस्ती करतील. नियम कागदाबद्दल आहे, बाईबद्दल नाही. मतदान घेऊ."

"छप्पन साली नियमाचा असा अर्थ लावला नव्हता, बंधू अध्यक्ष!" मर्ट ओरडला.

"छप्पन साली मी या खुर्चीत नव्हतो, मर्ट. तिथे उभा होतो, जिथे ती उभी आहे."

एकसष्ट मतांपैकी एकेचाळीस लागत होती. व्हिल्माला त्रेचाळीस पडली. मर्टने कपाळाला हात लावला आणि मग, त्याचे हे मला आवडले, स्वतःच उठून पत्रके गोळा करायला मदत केली.

दुसऱ्या दिवशी एमिलने ती दोन हजार पत्रके पुन्हा यंत्रावर चढवली. पुढच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर, बरोबर मध्यभागी, त्याने मला छापले. आयुष्यात पहिल्यांदाच मला अख्खे पान एकट्याला मिळाले. काहीसे संकोचल्यासारखे वाटले. दाखवण्यासारखे माझ्यापाशी होते तरी काय?

नोव्हेंबरात व्हिल्मा एक्क्याण्णव मतांनी निवडून आली. धुलाईखाना बाहेर गेला नाही. तो आणखी नऊ वर्षे चालला, मग दवाखानाच बंद पडला. तोवर त्या अडतीस जणींपैकी एकवीस जणी रीतसर निवृत्त झाल्या होत्या. याला विजय म्हणायचे की नाही हे तुम्ही ठरवा. आयरीन झेलेंका म्हणायची.

ब्याऐंशी साली एमिलने छापखाना बंद केला. डोळे जवळजवळ गेले होते. यंत्र कोणीतरी आपल्या खाणावळीत शोभेला ठेवायला नेणार होते. मला युनियनला परत करायचे होते, पण आमची शाखा केव्हाच दुसऱ्या शाखेत मिसळली होती, आणि तिथल्या माणसाने पत्राला उत्तर दिले की असल्या वस्तूंचे काय करायचे ते त्यांना माहीत नाही. चाळीस वर्षे जिच्यासाठी भांडणे झाली ती वस्तू घ्यायला कोणी नव्हते. खरे सांगायचे तर मला फार वाईट वाटले.

दुकानाच्या शेवटच्या शनिवारी सकाळी लूशियस मेब्री आला. तोही निवृत्त झाला होता. काठी टेकत आत आला आणि त्याने कोटातून घडी घातलेला एक पिवळट कागद काढला.

"एवढं एक काम राहिलंय तुझ्याकडं," तो म्हणाला. "यावर खूण लाव."

एमिलने कागद खिडकीशी नेला. डोळ्यांना अगदी लावला. खाली तळाशी नाही, या वेळी वर, नावाकडे. एकेका अक्षरावरून बोट फिरवले. 'आर'वर बोट थांबले.

"हा अँडीचा लंगडा आहे," तो म्हणाला.

"हो."

"अँडीने छापलं होतं?"

"रविवारी. तू चर्चला गेला होतास. मला म्हणाला, माझं नाव घेऊ नकोस, एमिल जन्मात बोलणार नाही माझ्याशी."

एमिल स्टुलावर बसला. मग त्याने विचारले, "त्याने खूण मागितली का नाही माझ्याकडे? मी त्याचा भाऊ होतो."

"मागितली असती तर दिली असतीस?" मेब्रीने विचारले. "माझ्यासाठी? छप्पन साली?"

मला वाटते, एमिल खरेच आठवून बघत होता, त्या वेळचा स्वतःला.

"नसती दिली," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि त्याने ते पुसले नाही.

"म्हणूनच आज आणलंय," मेब्री म्हणाला.

एमिलने रुळांना शाई लावली. डोळे साथ देत नव्हते, म्हणून फर्मा मेब्रीने धरला आणि एमिलने आवळला. त्या पिवळ्या पत्रकाच्या तळाशी, सव्वीस वर्षे रिकाम्या राहिलेल्या जागेत, मी उमटलो. तो माझा शेवटचा ठसा. मग दोघांनी एका टेबलावर बसून कॉफी घेतली. थंडगार होती, पण घेतली.

आता एमिल नाही, मेब्रीही नाही. व्हिल्माने मला आणि त्या पत्रकाला गावच्या वाचनालयात नेऊन दिले. मी काचेच्या पेटीत असतो. शेजारच्या चिठ्ठीवर 'छापखान्यातील एक खिळा' एवढेच लिहिले आहे. मुले येतात, यंत्रांच्या चित्रांकडे बघतात आणि पुढे जातात. मित्रांनो, तुमच्या हातात कोणाचाही कागद आला, मत मागणारा असो की वस्तू विकणारा, तर त्याच्या तळाशी जरूर बघा. तो कोणाच्या हातांनी बनला ते तिथे कळते. पण तिथे काही दिसले नाही तर लगेच टाळ्या वाजवून माणूस बाद करू नका. दुसरा प्रश्न विचारा. आणि खरे उत्तर द्यायला समोरच्याला भीती वाटणार नाही, असे स्वतः वागा.

माझ्या शेजारी ते पत्रक ठेवले आहे. जवळ जाऊन पाहिलेत तर मेब्रीच्या नावाची शाई तपकिरी पडलेली दिसेल आणि माझी अजून काळीभोर. असे का, म्हणून कोणी विचारलेच, तर सांगा की तो उशीर आमच्या दुकानाचा आहे.